तांबे की काच? ऑस्ट्रेलियातील ब्रॉडबँडचा वाद समजून घेताना

२०१८ साली मेलबर्नच्या पूर्वेकडील एका जुन्या उपनगरात आम्ही घर घेतले. छप्पर, सांडपाण्याची व्यवस्था, वाळवी, शाळेचे अंतर असे सगळे तपासून झाले होते. घरात येणारी इंटरनेटची तार कशाची आहे, हे विचारायचे मात्र आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही. पहिल्याच रविवारी रात्री कराडला आईशी व्हिडिओवर बोलायला बसलो आणि पाच मिनिटांत ती म्हणाली, “अरे, तुझा चेहरा अडकलाय, आवाज तेवढा येतोय.” हे वाक्य पुढे कित्येक रविवार ऐकावे लागले. कराडच्या घरी गल्लीतल्या केबलवाल्याने विजेच्या खांबावरून गच्चीवर आणि गच्चीवरून खिडकीत ओढलेली फायबरची बारीक काळी तार होती, आणि तिच्यावर दोन्ही दिशांनी पन्नास एमबीपीएसचा वेग मिळत असे. आमच्याकडे येताना अठ्ठावीस आणि जाताना जेमतेम पाच. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशातल्या एका महानगरात असे का व्हावे, याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की त्यामागे तंत्रज्ञानाइतकाच राजकारणाचा आणि हिशेबाच्या पद्धतीचाही भाग आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय ‘इथले इंटरनेट वाईट आहे’ या तक्रारीला काही अर्थ नाही.

प्रथम मोजमापाविषयी थोडेसे. एमबीपीएस म्हणजे एका सेकंदाला किती दशलक्ष बिट वाहून नेले जातात तो आकडा. आपण फोटो किंवा चित्रफितीचा आकार बाइटमध्ये मोजतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून २५ एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर तीन मेगाबाइट उतरतात. दुसरी गोष्ट अशी की येण्याचा वेग आणि जाण्याचा वेग हे दोन वेगळे आकडे आहेत. आईला माझा चेहरा गोठलेला दिसे, तो माझ्या घरातून बाहेर जाणारा वेग अपुरा असल्यामुळे. तिचे चित्र मला स्वच्छ दिसत असे. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरांत असतो तो केवळ येण्याचा वेग.

आता तारेकडे वळू. टेलिफोनसाठी घरोघरी नेलेली तांब्याची तार माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी होती, आणि त्यासाठी साधारण चार हजार हर्ट्झपर्यंतच्या लहरी पुरतात. याच तारेवरून जलद इंटरनेट न्यायचे तर व्हीडीएसएल नावाच्या तंत्रात एक कोटी सत्तर लाख हर्ट्झपर्यंतच्या लहरी तिच्यात सोडाव्या लागतात. अडचण अशी की लहर जितकी द्रुत, तितकी ती तांब्यात लवकर क्षीण होते. त्यामुळे तारेची लांबी हाच वेगाचा खरा मालक ठरतो. तार तीन-चारशे मीटरची असेल तर शंभर एमबीपीएसच्या आसपास पोहोचता येते. किलोमीटरभर गेली की पंचवीस-तीसवर समाधान मानावे लागते. त्यातच एका जुडग्यातल्या शेजारच्या तारा एकमेकींत गोंगाट मिसळतात, आणि जमिनीखालच्या जुन्या सांध्यांत पावसाचे पाणी शिरले की वेग आणखी घसरतो.

काचेच्या तंतूत, म्हणजेच फायबरमध्ये, हे दुखणे जवळजवळ नाही. त्यातून प्रकाश जातो, तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो आणि कित्येक किलोमीटरनंतरही त्यातील माहिती शाबूत राहते. पण माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचा गुण वेगळा आहे. एकदा पुरलेली काच बदलावी लागत नाही. अधिक वेग हवा असेल तर तिच्या दोन टोकांवरची यंत्रे बदलली की काम होते. सुरुवातीच्या यंत्रणेत एका तंतूवरची अडीच गिगाबिट क्षमता बत्तीसपर्यंत घरांत वाटली जात असे. आता त्याच तंतूवर दहा गिगाबिटची यंत्रे बसवता येतात. खर्चाचा मोठा वाटा खणण्यात आणि तार ओढण्यात असतो, यंत्रांत नसतो, हे ध्यानात ठेवले तर पुढचा सगळा वाद समजायला सोपा जातो.

ऑस्ट्रेलियात टेलिफोनचे तांब्याचे जाळे टेल्स्ट्रा या एकेकाळच्या सरकारी कंपनीचे होते. १९९७, १९९९ आणि २००६ अशा तीन टप्प्यांत तिचे खासगीकरण झाले, पण ते करताना जाळे आणि ग्राहकसेवा यांची विभागणी करण्यात आली नाही. परिणामी ज्या कंपनीकडे तारांची मालकी, तीच कंपनी त्या तारा भाड्याने घेणाऱ्यांची स्पर्धकही राहिली, आणि स्वतःचे जाळे खर्च करून सुधारण्याची तिला घाई उरली नाही. नव्वदच्या दशकात तर टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या दोन कंपन्यांनी केबल टीव्हीसाठी शहरांतल्या त्याच त्याच रस्त्यांवरून समांतर केबल टाकल्या आणि बाकीचा देश तसाच राहिला. मूळ चूक इथे झाली, असे मला वाटते. पुढच्या सरकारांनी जे काही केले, ते या चुकीची भरपाई करण्यासाठी.

२००८ मध्ये केव्हिन रड यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने ४.७ अब्ज डॉलरचे साहाय्य देऊ करून खासगी कंपन्यांकडून निविदा मागवल्या. त्यातून काही निष्पन्न झाले नाही, तेव्हा ७ एप्रिल २००९ रोजी सरकारने स्वतःच कंपनी काढून देशभर नवे जाळे उभारण्याची घोषणा केली. नॅशनल ब्रॉडबँड नेटवर्क, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एनबीएन, ते हेच. अंदाजित खर्च ४३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर होता. पुढे पक्की झालेली आखणी अशी होती की ९३ टक्के घरांना थेट घरापर्यंत काच, सुमारे चार टक्क्यांना बिनतारी मनोऱ्यांवरून आणि उरलेल्या तीन टक्क्यांना, म्हणजे अतिदुर्गम भागांना, उपग्रहावरून जोडणी मिळेल. ही कंपनी ग्राहकांना थेट काही विकणार नव्हती. ती सर्व किरकोळ कंपन्यांना सारख्याच घाऊक दराने जाळे वापरू देणार होती.

कल्पना उत्तम होती, अंमलबजावणी मात्र रखडली. टास्मानियात पहिल्या जोडण्या झाल्या, परंतु कंत्राटदार कमी पडले, टेल्स्ट्राशी करार व्हायला २०११ उजाडले, आणि २०१३ मध्ये रस्त्यांखालच्या जुन्या खड्ड्यांत अ‍ॅस्बेस्टॉस सापडल्याने ते काम थांबवावे लागले. दरवर्षी जाहीर होणारी उद्दिष्टे आणि प्रत्यक्षात जोडलेली घरे यांतील अंतर इतके वाढले की विरोधकांच्या टीकेत तथ्य होते, हे काचेच्या बाजूने असलेल्या माझ्यासारख्यालाही मान्य करावे लागते.

एप्रिल २०१३ मध्ये विरोधी आघाडीचे नेते टोनी अ‍ॅबट आणि माल्कम टर्नबुल यांनी पर्यायी योजना मांडली. काच घरापर्यंत न नेता वस्तीतल्या चौकापर्यंत न्यायची, तिथे एक मोठी लोखंडी पेटी बसवायची, आणि पेटीपासून घरापर्यंत आहे तीच तांब्याची तार वापरायची. या पेटीला इथे नोड म्हणतात. खर्च २९.५ अब्ज डॉलर आणि २०१६ अखेरपर्यंत सर्वांना किमान २५ एमबीपीएस, असे आश्वासन होते. सरासरी कुटुंबाला इतका वेग भरपूर पुरेल, असे अ‍ॅबट यांनी त्या वेळी ठामपणे सांगितले. सप्टेंबरमध्ये ते निवडून आले आणि योजना बदलली.

त्यांच्या बाजूचा युक्तिवाद उथळ नव्हता. प्रत्येक अंगण खणणे हे सर्वांत महागडे आणि वेळखाऊ काम असते. पुढे कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार जुन्या वस्तीत घरापर्यंत काच नेण्याचा खर्च घरामागे सुमारे ४,४०० डॉलर, तर नोडच्या पद्धतीचा सुमारे २,२०० ते २,३०० डॉलर पडत होता. लोकांना दहा वर्षांनी उत्तम वेग मिळण्यापेक्षा दोन-तीन वर्षांत बरा वेग मिळावा, आणि गरज वाढेल तसे पुढचे पाहावे, हे म्हणणे घरखर्च चालवणाऱ्या कोणालाही पटण्यासारखे आहे. डिसेंबर २०१३ च्या आढाव्यात नोड आणि टीव्हीच्या जुन्या केबल यांचाही वापर करणाऱ्या नव्या मिश्र पद्धतीचा खर्च ४१ अब्ज आणि सर्वत्र काच टाकण्याचा खर्च ७३ अब्ज दाखवला गेला, तेव्हा तर निर्णय जवळजवळ उघडच वाटत होता. २०१४ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीपुढे आलेल्या अंदाजानुसार २०२३ सालीसुद्धा मध्यम कुटुंबाची गरज पंधरा एमबीपीएसच्या आसपासच राहणार होती.

हिशेब चुकला तो इथे. घरामागे वाचलेले दोन हजार डॉलर खरे होते, पण ते वाचवताना तीन गोष्टी जमेस धरल्या गेल्या नाहीत. जुन्या तांब्याची प्रकृती कोणी नीट तपासलेली नव्हती. पेट्या जोडण्यासाठी नवे तांबे विकत घ्यावे लागले आणि २०१५ पर्यंत अशा १,८०० किलोमीटर तारेवर सुमारे १.४ कोटी डॉलर खर्च झाल्याचे संसदेच्या समितीपुढे आले. ऑप्टसचे केबल जाळे ८० कोटी डॉलरच्या कराराने घेतले गेले आणि नंतर त्याचा बहुतेक भाग वापरण्याजोगा नसल्याचे आढळले; टेल्स्ट्राकडून मिळालेल्या केबलवरच्या नव्या जोडण्याही बिघाडांमुळे नोव्हेंबर २०१७ मध्ये काही महिने थांबवाव्या लागल्या. आणि ‘पुढे गरज पडली तर सुधारू’ या वाक्यात पुढच्या सुधारणेचा खर्च कुठल्याच रकान्यात लिहिलेला नव्हता. एकूण खर्च २०१८ पर्यंत ५१ अब्जांवर आणि २०२० मध्ये ५७ अब्जांवर गेला. २०१६ ची मुदतही पाळता आली नाही. जाळे पूर्ण झाल्याची घोषणा डिसेंबर २०२० मध्ये झाली.

आमच्या कोपऱ्यावरची हिरवट पेटी मी त्या काळात अनेकदा पाहिली आहे. बसथांब्याच्या मागे, कमरेहून थोडी उंच, उन्हाळ्यात आतल्या पंख्याची घरघर रस्त्यावरून ऐकू येणारी. एके संध्याकाळी मी तिथून घरापर्यंतची पावले मोजली, ती हजाराच्या वर भरली. तार तर सरळ रेषेत न येता कोपऱ्याकोपऱ्याने वळत येते. पेटीपासून तिसऱ्याच घरात राहणाऱ्या एका शेजाऱ्याला, त्याचे घर पेटीजवळ असल्याने, नव्वद एमबीपीएस मिळत होते आणि तो माझ्याइतकेच पैसे भरत होता. एकाच रस्त्यावरच्या दोन घरांत पाणीपट्टी सारखी आणि नळाची धार तिपटीने वेगळी असती, तर लोकांनी ते खपवून घेतले नसते. २०१७ मध्ये ग्राहकहिताची देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने याच मुद्द्यावर मोठ्या कंपन्यांना जाब विचारला. विकलेला वेग त्या तारेवर मिळणेच शक्य नव्हते अशा ग्राहकांची भरपाई करणे त्यांना भाग पडले, आणि एकट्या टेल्स्ट्राच्या अशा ग्राहकांची संख्या सुमारे ४२,००० होती.

तरीही सगळा दोष तांब्याचा नव्हता, आणि या वादात लोक सर्वांत जास्त गल्लत करतात ती याच ठिकाणी. २०१७ च्या सुमारास घरापर्यंत काच आलेल्यांचेही इंटरनेट रात्री आठ ते दहा या वेळेत रडतखडत चाले. त्याचे कारण दरात होते. एनबीएन किरकोळ कंपन्यांकडून दोन प्रकारे पैसे घेत असे: प्रत्येक जोडणीमागे एक रक्कम, आणि त्याखेरीज त्या भागातल्या सगळ्या ग्राहकांना मिळून लागणाऱ्या क्षमतेसाठी दर मेगाबिटमागे वेगळी रक्कम. ही दुसरी रक्कम सुरुवातीला महिन्याला मेगाबिटमागे २० डॉलर होती. स्वस्त योजना विकण्याच्या चढाओढीत कंपन्या क्षमता कमी विकत घेत, इतकी कमी की एका ग्राहकाच्या वाट्याला सरासरी जेमतेम एक-सव्वा मेगाबिट येई. दुपारी रस्ता मोकळा असल्याने काही जाणवत नसे. रात्री सगळे घरी आले की कोंडी होई. २०१७ च्या अखेरीस घाऊक दरात सवलत मिळाल्याबरोबर हा वाटा दीड मेगाबिटच्या वर गेला आणि तक्रारी कमी झाल्या. एकही तार बदलली नव्हती. त्या काळात आमच्याकडे राउटर बदला, खोली बदला, भिंतीजवळून हलवा असे सल्ले मिळत होते. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशीच ती गत होती.

असा दर ठेवण्याचे मूळही सरकारी हिशेबात होते. जाळ्यावरचा पैसा अर्थसंकल्पात खर्च म्हणून न दाखवता गुंतवणूक म्हणून दाखवला होता, आणि गुंतवणूक म्हटली की तिच्यावर परतावा दाखवावा लागतो. रस्ता बांधून त्याचा लाभ सर्व अर्थव्यवस्थेला होऊ द्यायचा, की प्रत्येक फाट्यावर टोल घेऊन बांधणीचा पैसा वसूल करायचा, असा हा प्रश्न आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाल्यावर एनबीएनने किरकोळ कंपन्यांना ४० टक्क्यांपर्यंत जादा क्षमता विनामूल्य दिली आणि जाळे तग धरून राहिले. शेवटी २०२३ च्या अखेरीस १०० एमबीपीएस आणि त्यावरील योजनांसाठी हा मेगाबिटमागचा आकार रद्द झाला.

देश मोठा आणि लोकसंख्या विरळ आहे, म्हणून इंटरनेट मंद, असे उत्तर इथे सर्रास ऐकू येते. दूरच्या शेतांपुरते ते खरे आहे; त्यांच्यासाठी २०१५ आणि २०१६ मध्ये सोडलेले दोन उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने प्रत्येक प्रश्नोत्तराला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि आता त्यांची जागा कमी उंचीवरच्या उपग्रहांनी घ्यावी असे ठरले आहे. पण बहुसंख्य ऑस्ट्रेलियन मोजक्या शहरांत दाटीने राहतात, आणि माझे उपनगर काही वाळवंटात नाही. शेजारच्या न्यूझीलंडचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे वाटते. त्यांनी २०११ मध्ये जुन्या टेलिफोन कंपनीचे दोन तुकडे केले, जाळे एका कंपनीकडे आणि ग्राहकसेवा दुसरीकडे. जाळेवाल्या कंपनीला आणि काही प्रादेशिक कंपन्यांना सरकारी भांडवल देऊन घरापर्यंत काच टाकायला लावली, आणि सरकार बदलले तरी आराखडा बदलला नाही. २०२२ च्या अखेरीस तिथल्या ८७ टक्के लोकसंख्येच्या दारापर्यंत काच पोहोचली होती. डोंगराळ देश, विखुरलेल्या वस्त्या, आणि खिशात ऑस्ट्रेलियाइतका पैसा नाही. तरी धोरण एकाच रुळावर राहिल्याने काम तडीस गेले.

कराडच्या घराचे कोडेही इथेच सुटते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत मोबाइल आला तोवर टेलिफोनची तार एक तर आलेलीच नव्हती किंवा निकामी झाली होती, त्यामुळे ‘आहे तेच तांबे वापरू’ हा मोह कोणाला होण्याचे कारण नव्हते. शिवाय खांबावरून आणि गच्चीवरून तार ओढण्याचा खर्च रस्ता खणण्याच्या मानाने नगण्य असतो. याचा अर्थ भारतात सगळे आलबेल आहे असा नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट असे नाव मिळालेल्या योजनेने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काच नेण्याचे ठरवले, पण पंचायत कार्यालयापासून वाडीवस्तीपर्यंतचा टप्पा आणि टाकलेल्या तारेची देखभाल हे दोन प्रश्न मागे राहिले. २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत दहा वर्षांच्या देखभालीची आणि एक तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने जोडणी चालू राहील अशा वर्तुळाकार रचनेची तरतूद करावी लागली.

ऑस्ट्रेलियातही पाऊल मागे घेतले गेले, आणि विशेष म्हणजे ज्यांनी तांबे निवडले होते त्याच आघाडीच्या सरकारने ते घ्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२० मध्ये ४.५ अब्ज डॉलरची सुधारणा जाहीर झाली, जिच्यात नोडवरच्या घरांना मागणीनुसार काच देण्याचा समावेश होता. २०२२ मध्ये नव्या मजूर सरकारने आणखी पंधरा लाख घरांसाठी २.४ अब्ज दिले, आणि जानेवारी २०२५ मध्ये नोडवर उरलेल्या सुमारे ६,२२,००० घरांसाठी ३ अब्ज डॉलरची घोषणा केली; हे काम २०३० पर्यंत व्हायचे आहे. म्हणजे ज्या रस्त्यांवर २०१५ ते २०२० या काळात पेट्या बसल्या, त्याच रस्त्यांवर पुन्हा माणसे, गाड्या आणि तारांची रिळे आली.

आमच्याकडे ती गाडी २०२३ च्या हिवाळ्यात आली. तंत्रज्ञाने अंगणातल्या जुन्या नळीत डोकावून पाहिले, तांब्याच्या तारेच्या टोकाला नव्या तंतूची दोरी बांधली आणि पलीकडून ओढायला सुरुवात केली. इकडून तांबे बाहेर येत गेले आणि तिकडून काच आत येत गेली. खणावे लागलेच नाही. दोन तासांत काम आटोपले. प्रत्येक अंगण खणावे लागेल, या भीतीवर आधारलेला निर्णय निदान आमच्या घरापुरता तरी अनावश्यक होता, हे पाहताना मला खरेच वाईट वाटले.

आता वाद दुसऱ्या ठिकाणी सरकला आहे. सप्टेंबर २०२५ पासून घरापर्यंत काच किंवा केबल असलेल्या ग्राहकांचा १०० एमबीपीएसचा वेग घाऊक दर न वाढवता ५०० करण्यात आला. नोडवर राहिलेल्यांना त्यातले काहीच मिळाले नाही, कारण त्यांच्या तारेत ते मावतच नाही. आणि ज्यांना मिळाले, त्यांचाही जाण्याचा वेग या योजनेत ५० एमबीपीएसच आहे. काचेला दोन्ही दिशा सारख्याच, कराडच्या केबलवाल्याची साधी योजनाही दोन्हीकडे सारखा वेग देते. इथे मात्र जाण्याच्या वेगाची मर्यादा तारेने घातलेली नसून दरपत्रकाने घातलेली आहे, आणि घरातून काम करणारे, मोठ्या फाइली पाठवणारे, दूरच्या आईवडिलांशी बोलणारे लोक एनबीएनकडे आता तीच मर्यादा उठवण्याची मागणी करत आहेत.